एक कालवड, एक गोऱ्हा

एका शिक्षिकेचं पत्र आलंय. थोडं कापून देतो:

"डॉक्टरकाका, नमस्कार. मी इंदूरमध्ये राऊच्या बाजूला एका शाळेत नववी-दहावीला सायन्स शिकवते. यंदा शनिवारचे दोन पिरियड 'शेती आणि पशुपालन' म्हणून माझ्या गळ्यात पडलेत. माझ्या मावसबहिणीची मुलगी टेक्सासला असते, तिनं तिथल्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी एक अख्खं जनावर वाढवलं, मांसासाठीच, आणि त्याची नोंदवही मला पाठवली. इतकी छान वही आहे की मला वाटलं असंच काही आपल्या मुलांकडून करून घ्यावं. पण स्टाफरूममध्ये दाखवली तर एक मॅडम अर्धा चहा टाकून उठल्या. प्रिन्सिपल सर म्हणतात शाळेच्या मागे जागा आहे, एक वासरू आणून बांधू. मुलं ३८, त्यातली चार-पाच सोडली तर कुणी गाईला हातही लावलेला नाही, आणि मी स्वतः वसुबारसेला लांबूनच हळदकुंकू वाहणारी. सुरुवात कुठून करू? आणि मुलांनी विचारलं की त्या टेक्सासच्या वासराचं पुढे काय झालं, तर काय सांगू?"

ताई, काका म्हणालीस म्हणजे मी सरळ अगंतुगंवर येतो. आणि आधीच कबूल करतो, महूच्या कॉलेजातून डॉक्टर झालो, ३५ वर्षं गुरांच्या मागं हिंडलो, पण शिकवण्याच्या बाबतीत माझं म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. त्यामुळे गुरांबद्दल सांगतो ते पक्कं धर, मुलांबद्दल सांगतो ते तुझ्या अंदाजानं कमीजास्त कर.

पहिलं प्रिन्सिपल सरांचं. वासरू शाळेत आणायचं नाही. त्यांना माझं नाव सांग, वाईटपणा माझ्याकडे. रविवारी त्याला पाणी कोण दाखवणार, दिवाळीच्या सुट्टीत शेण कोण काढणार, चौकीदार दोन महिने हौसेनं करेल आणि तिसऱ्या महिन्यात त्याची बदली होईल. शिवाय वासरू एकटं राहत नाही गं, कळपातला प्राणी आहे, एकटं बांधलं की दिवसभर हंबरतं आणि तुमचे आठही पिरियड त्यात जातात.

आणि एक जुनी गोष्ट सांगतो म्हणजे मी एवढा का अडून बसलोय ते कळेल. नोकरीत असताना एका शाळेनं गाय ठेवली होती, कुठली ते सोड. मुलं डब्यातल्या पोळ्या द्यायची, बिस्किटं द्यायची, वाढदिवसाला केकसुद्धा, सगळं प्रेमानं. एका सोमवारी सकाळी फोन, डॉक्टर गाय उठत नाहीये. गेलो तर गाय बसलेली, मान कुशीला वळवलेली, डोळे आत गेलेले, शेण पातळ आणि आंबट वासाचं, डाव्या कुशीवर मूठ दाबली तर आत पाण्यानं भरलेल्या पखालीसारखं डुचमळत होतं. चौकशी केली तर शनिवारी गॅदरिंग झालेलं, उरलेला भात आणि पुऱ्या टोपल्यांनी तिच्यापुढे ओतलेल्या, अन्न वाया जायला नको म्हणून. मी खायचा सोडा पाजला, सलाईनच्या बाटल्या लावल्या, सगळं केलं, पण दीड दिवस आधी बोलवायला हवं होतं. दुपारी गेली. वर्गाच्या खिडक्यांतून मुलं बघत होती आणि त्यांना कुणीच काही सांगितलं नाही की हे कशानं झालं, उलट एक सर म्हणाले नजर लागली.

आता बघ, खायला घालायचा सगळा धडा या एका मरणात आहे. गाय स्वतः चारा पचवत नाही. तिचं पहिलं पोट, रूमेन, मोठ्या गाईचं १०० लिटरच्याही वर असतं, आणि त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात, ते भुशातलं सेल्युलोज फोडतात. म्हणजे आपण गाईला नाही, त्या जीवांना खाऊ घालतो. त्यांची सवय हळूहळू बदलते, आठ-दहा दिवस लागतात. एकदम भात, पुऱ्या, गहू, असं पिठूळ काही पडलं की त्यातले आम्ल करणारे भराभर वाढतात, पोटाचा पीएच जो ६ ते ७ असतो तो साडेपाचच्या खाली जातो, चांगले जीव मरतात, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि जनावर आतल्या आत वाळतं. तू सायन्सची आहेस, हे तू माझ्यापेक्षा छान शिकवशील. प्रत्येक मुलाला हे पहिल्या महिन्यात कळलं पाहिजे, कारण इंदूरमध्ये सकाळी गाईला पोळी घालत नाही असं घर नाही, आणि एक पोळी ठीकच आहे, पण श्राद्धाचं ताट आणि लग्नाचं उरलेलं पातेलं ही वेगळी गोष्ट.

मग वासरू कुठलं? दुसऱ्याच्या गोठ्यातलं. महू, सिमरोल, हातोद, कुठल्याही बाजूला पंधरावीस जनावरांचा एखादा शेतकरी गाठ, शाळेतल्याच एखाद्या मुलाचे आजोबा निघतील, आणि त्याला सांग की आमची मुलं १५ दिवसांतून एकदा येतील, दोन तास बसतील, मोजमाप करतील, तुझ्या कामात लुडबूड करणार नाहीत. रिकाम्या हातानं जाऊ नका, दर वेळी मिनरल मिक्सचरची एक पिशवी न्या, तो खूश आणि जनावरंही खूश.

आणि वासरं दोन घ्यायची. इथे मी हट्ट धरणार आहे. एक कालवड आणि एक गोऱ्हा, म्हणजे एक मादी आणि एक नर, जमेल तितके एकाच सुमाराला जन्मलेले, एकाच गोठ्यातले. का, ते पुढे सांगतो.

तुझ्या भाचीच्या वहीत काय असेल ते मी न बघता सांगू शकतो, कारण अमेरिकेत हे फार जुनं आहे. तिकडे ४-एच आणि एफएफए अशा दोन मोठ्या संघटना शाळकरी मुलांकडून हे करून घेतात, एफएफए तर १९२८ पासून. मूल सहा-आठ महिन्यांचा, दूध तोडलेला, खच्ची केलेला गोऱ्हा घेतं, साधारण २३०-२७० किलोचा. त्याला दोरी धरून चालायला शिकवतं, रोज धुतं, विंचरतं, तोलून खुराक देतं, आणि वर्षाच्या आत तो ५५०-६०० किलोच्या पुढे जातो. दिवसाला १३००-१४०० ग्रॅम वजन! मग जत्रेत परीक्षक त्याच्या पाठीवरून हात फिरवून मांस कसं भरलंय बघतात, लिलाव होतो, आणि पैसे मुलाच्या खात्यात. वहीत काय काय असतं, तर खरेदी किती, चारा किती, औषध किती, महिन्याचं वजन किती, विक्री किती, हातात उरले किती.

ही वही लपवू नकोस. मी तर म्हणेन शेवटची दोन पानं सोडून बाकी वही जशीच्या तशी आपल्याकडे चालते, आणि ती दोन पानंही मुलांना वाचायला देच. नववीतलं मूल म्हणजे बाळ नव्हे, मोबाईलवर त्यानं सगळं पाहिलेलं असतं, तू लपवलंस तर ते फक्त एवढंच शिकेल की मॅडमला हे विचारायचं नाही. "पुढे काय झालं?" तर सरळ सांग, लिलावात विकला गेला आणि कत्तलखान्यात गेला, त्यासाठीच वाढवला होता, आणि त्या मुलीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिकडेही लिलावाच्या दिवशी मुलं गोऱ्ह्याच्या गळ्यात पडून रडतात, तेही सांग. आपल्या मध्य प्रदेशात गोवंशाच्या कत्तलीवर बंदीचा २००४ चा कायदा आहे, हे एका वाक्यात सांग आणि पुढे जा. कोण चांगलं कोण वाईट यावर भाषण नको, एक जरी केलंस तरी दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे पालक गेटवर उभे राहतील.

त्या चहा टाकून उठलेल्या मॅडमना मात्र एक गंमत सांग माझ्याकडून. टेक्सासच्या उन्हात टिकणारी, मांसासाठी पाळली जाणारी जी मोठी जात आहे, तिचं नाव ब्राह्मण. खरंच! आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल या गुरांचे वळू तिकडे गेले आणि त्यातून ती जात बांधली गेली, वशिंड आणि गळ्याखालची लोंबती पोळी सगळं आपल्यासारखंच. म्हणजे तुझ्या भाचीच्या वहीतल्या जनावराचा खापरपणजोबा कदाचित गुजराथेतून गेलेला असेल. मॅडम हसल्या तर हसल्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिल्या भेटीला कशालाही हात लावायचा नाही. बसायचं. शेतकऱ्याकडून खाटा घ्या नाहीतर पोती अंथरा, आणि रवंथ करणारी एक गाय निवडून मुलांना मोजायला लाव. घशातून गोळा वर येताना मानेवर लाट दिसते, ती दिसली की मोजणं सुरू, पुन्हा गिळला की थांबायचं. एका गोळ्याला पन्नाससाठ वेळा जबडा फिरतो आणि असं दिवसाचे सात-आठ तास चालतं. मुलांना आधी कंटाळा येईल, मग पैजा लागतील, मग एखादा ओरडेल मॅडम ही चावतच नाहीये, आणि तिथे तू सांगायचं की रवंथ थांबलेली गाय ही डॉक्टरला फोन करायची पहिली खूण आहे. मी गोठ्यात शिरलो की स्टेथोस्कोप काढायच्या आधी दोन मिनिटं नुसता उभा राहून हेच बघायचो, आणि मालकाला वाटायचं डॉक्टर झोपेत आहे.

दुसऱ्या भेटीला जवळ जायचं. गाईचे डोळे बाजूला असतात, तिला जवळजवळ चारही बाजूंचं दिसतं, फक्त शेपटीच्या अगदी मागचं नाही. म्हणून मागून कधी जायचं नाही, बाजूनं जायचं, बोलत जायचं, हिंदीत बोला, मालवीत बोला, काहीही बोला. तिच्या खांद्याशी एक अदृश्य रेघ असते. तुम्ही त्या रेघेच्या मागे पाऊल टाकलं की ती पुढे सरकते, पुढे टाकलं की मागे हटते. टेंपल ग्रँडिन नावाच्या अमेरिकन बाईंनी गुरांना आरडाओरड आणि काठी न वापरता हाकण्यावर आयुष्य घातलंय, त्यांच्या कामातली ही मूळ गोष्ट, आणि आपल्याकडचा चांगला गुराखी हे न शिकताच करतो. मुलांना दोघादोघांनी करून बघू दे, एक पाऊल पुढे, एक मागे, जादू केल्यासारखं वाटतं त्यांना. गाईची लाथ घोड्यासारखी सरळ मागे येत नाही, ती पुढून बाजूला गोल फिरवते, म्हणून कासेशी बसणारा अंगाला चिकटून बसतो, हातभर लांब नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात पण त्या मालकाला, तुझ्या ३८ मुलांच्या आईबापांना नाही. आणि एक नियम असा कडक लाव की मोडला तर त्या दिवशी गाडीतच बसायचं: दावं किंवा कासरा हाताला गुंडाळायचा नाही. कधीच नाही. जनावर बिथरलं की दोरी आवळते आणि बोटं जातात, मी दोन माणसांची बघितली आहेत.

बंद बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं, पालकांची सही, निघताना साबणानं कोपरापर्यंत हात. कच्चं दूध तिथे कुणी प्रेमानं ग्लासात दिलं तरी नाही म्हणायचं, आणि गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, किंवा नुकत्या व्यालेल्या गाईच्या वारेला, म्हणजे वासरामागून बाहेर पडणाऱ्या आवरणाला, हात लावायचा नाही, ब्रुसेला नावाचा रोग माणसाला होतो आणि तो वर्षानुवर्षं ताप देतो. बस, यापेक्षा जास्त घाबरवू नकोस.

जमलं तर तुमच्या दोन वासरांपैकी एकाला तरी जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गाठा, कारण चिकाचा, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाचा, धडा पुस्तकातून येत नाही. आपल्या मराठी घरात गाय व्याली म्हटलं की पहिला प्रश्न खरवसाचा, कॉलनीत कुणाकडे दूधवाल्या भैयानं चीक आणला की त्या घराचा भाव वाढतो, आणि मीही काही मागे हटणाऱ्यातला नाही, वेलची-केशर घातलेला खरवस मला आवडतो. पण हिशोब असा आहे की गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतच नाहीत, माणसाच्या बाळासारखं नाही ते, वारेतून ती पलीकडे जात नाहीत. सगळी येतात चिकातून. आणि वासराच्या आतड्याचं दार ती आख्खी आत घेण्यापुरतं जेमतेम २४ तास उघडं असतं, ते सुद्धा दर तासाला थोडं थोडं लागत जातं. म्हणून पहिल्या तासाभरात चीक, आणि पहिल्या दिवसात वजनाचा दहावा हिस्सा, २२ किलोच्या वासराला दोन-सव्वादोन लिटर. आपले बरेच शेतकरी म्हणतात वार पडल्याशिवाय पिळायचं नाही, त्यात सहा-आठ तास जातात आणि वासरू उपाशी. यावर मुलांनी शेतकऱ्याशी वाद घालू नये, फक्त वहीत वेळ लिहावी: जन्म किती वाजता, पहिला चीक किती वाजता. मग खरवस, तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या उरलेल्या चिकाचा करा ना, कोण नको म्हणतंय.

नाळेला टिंक्चर आयोडीन, दहा-पंधरा दिवसांनी जंताचं पहिलं औषध आणि मग सहा महिने दर महिन्याला, दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक आणि मऊ हिरवा चारा तोंडाशी, म्हणजे ते मघाशी सांगितलेलं रूमेन जागं होतं, जन्मतः ते चिमुकलं असतं आणि दूध त्याला वळसा घालून सरळ चौथ्या पोटात जातं. चार महिन्यांच्या आसपास लाळ्या-खुरकूत, म्हणजे आपल्याकडे सगळे खुरपका-मुंहपका म्हणतात त्याची पहिली लस, पावसाळ्याआधी गळसुजीची, म्हणजे घटसर्पाची. कानातला पिवळा बिल्ला बघा, त्यावर १२ आकडे असतात, ते जनावराचं आधार कार्ड, मुलांना हे फार आवडतं. गाडीवाल्या सरकारी डॉक्टरला बोलवायचा नंबर १९६२, तो सगळ्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर.

आता वजन. काटा नसतो गोठ्यात, टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, इंचात. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या बसायच्या हाडापर्यंत लांबी, तीही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं किलोत वजन. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर २७२ किलो आणि वर थोडं. अगदी लहान वासरात थोडं इकडेतिकडे होतं, पण तोच हात, तीच टेप, सकाळी चाऱ्याआधी, असं केलं तर वाढ बरोबर कळते, आणि आपल्याला वाढच हवी आहे. तुझे गणिताचे सर यात ओढ, त्यांना आनंद होईल.

आता तो गोऱ्हा. समजा पहिल्या दिवशी दोन्ही वासरांचा घेर २८ आणि लांबी २६ आहे, म्हणजे ३१ किलो. महिन्यानं कालवड ३२ आणि २९ भरली, ४५ किलो झाली. आणि गोऱ्हा ३० आणि २७, म्हणजे ३७ पण नाही. कालवडीनं १४ किलो घेतले, त्यानं ६. एकाच गोठ्यात, एकाच छपराखाली. असंच होईल असं मी म्हणत नाही, काही शेतकरी दोघांना सारखं सांभाळतात आणि मग तुला वहीत तेही दिसेल, पण मी जितके गोठे पाहिलेत त्यात बहुतेक ठिकाणी आकडे याच दिशेनं जातात. मुलं शेतकऱ्याला विचारतील, काका ये दुबला क्यों है? तो म्हणेल, अरे इसको खिला के क्या करना। हे मुलांनी त्याच्या तोंडून ऐकावं. गोऱ्ह्याला गाईला पान्हा सुटेपर्यंत दोन घोट लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं, मग त्याच्या गव्हाणीत कालवडीनं टाकलेला भुसा. शेतकऱ्याला दुष्ट ठरवू देऊ नकोस हं, त्याचा हिशोबही लिहायला लाव: कपास्या खली, म्हणजे सरकीची पेंड, कितीला, दूध कितीला जातं, आणि दोन वर्षांनी त्या गोऱ्ह्याचे त्याला कोण किती देणार. पूर्वी माळवी बैलाची जोडी म्हणजे घरातला कमावता मुलगा होता, चिखलाच्या काळ्या मातीत दिवसभर चालायचा आणि खायचा काय तर ज्वारीचा कडबा. आता त्याचं काम ट्रॅक्टर करतो.

आणि मग वर्गात परत आल्यावर फळ्यावर फक्त हे आकडे लिही. २०१९ ची विसावी पशुगणना: देशात गाई-बैल मिळून साधारण १९.२५ कोटी, त्यात माद्या १४.५१ कोटी. उरलेले नर किती, ते त्यांना काढू दे, ४.७४ कोटी येतात. जन्माला गोऱ्हे आणि कालवडी निम्मे निम्मेच येतात. मग बाकीचे कुठे आहेत? उत्तर देऊ नकोस. एक मुलगा म्हणेल कापले, दुसरी म्हणेल इथे तर बंदी आहे, तिसऱ्याला आठवेल की पावसाळ्यात रात्री महूहून येताना रस्त्यावर बसलेली जनावरं असतात, कोरडी जागा म्हणून डांबरावर येऊन बसतात, आणि चौथा, ज्यानं महिनाभर टेप धरली आहे तो, गप्प बसेल आणि वहीतलं ते ६ किलोचं पान उलटून बघेल. नुसती उपासमार आणि जुलाब यात किती जातात ते कुठल्याच कत्तलखान्याच्या दारात मोजता येत नाही. टेक्सासच्या त्या गोऱ्ह्याला निदान वर्षभर कुणीतरी तोलून खायला घातलं होतं, असं एखादं मूल म्हणालं तर त्याला रागावू नकोस. तसंच कुणी म्हणालं की तरी मारणं वाईटच, तर त्यालाही नको. मी पन्नाशी ओलांडेपर्यंत या दोन वाक्यांच्या मध्ये लोंबकळत होतो, आजही रोज सकाळी कुठल्या बाजूला असेन सांगता येत नाही.

एक फरक मात्र समजावून सांग. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीलाच देतात, गोऱ्ह्याला देत नाहीत, तिथे मुलं लगेच ओरडतील बघा बघा अन्याय. तो अन्याय नाही, नराला ती लस त्याच्या वृषणांना सूज आणू शकते म्हणून देत नाहीत. कुठला फरक शास्त्राचा आणि कुठला पैशाचा हे वेगळं काढता आलं तर तुझे दोन पिरियड सार्थकी लागले म्हणायचे. याच ओघात लिंगनिश्चित वीर्य, सेक्स्ड सीमेन, हेही येईल, ज्यानं दहातल्या नऊएक वेळा कालवडच होते, दहावीच्या मुलांना गुणसूत्रं शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. लाजू नकोस, माज, गाभण, वेत हे शब्द सरळ वापर, गाय दर २१ दिवसांनी माजावर येते आणि साधारण ९ महिने ९ दिवस गाभण राहते, खेड्यातलं पाच वर्षांचं पोर हे जाणतं.

शेणाला नाक मुरडणारी मुलं असतील त्यांना कंपोस्टच्या ग्रुपमध्ये टाक, मुद्दाम. आणि सांग की जगभर ज्याला खताची 'इंदूर पद्धत' म्हणतात ती आपल्याच गावात झाली, अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ होते, आणि त्यांच्याबरोबर त्यावर पुस्तक लिहिणारे यशवंत वाड होते. शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, पालापाचोळा, राख, थर देऊन खड्ड्यात, तीनदा उलथापालथ, तीन महिन्यांत खत. शाळेच्या मागे ती जागा आहे ना प्रिन्सिपल सरांची, तिथे हा खड्डा करा, याला सुट्टीत पाणी पाजावं लागत नाही. म्हणजे लागतं, पण विसरलात तर मरत नाही.

वसुबारसेला मुलांना घेऊन जा त्या गोठ्यात. सवत्स धेनू म्हणतो आपण, वासराशिवाय गाईची पूजा होत नाही. या वेळी तू लांबून हळदकुंकू वाहू नकोस, जवळ जा, बाजूनं, बोलत.

आणि हो, पहिल्या मोजणीला टेलरची टेप नेऊन फजिती करून घेऊ नकोस. ती ६० इंचाला संपते, वासराला पुरते पण मोठ्या गाईच्या छातीला चार बोटं कमी पडते आणि मुलं हसतात. सुतळी ने. छातीभोवती फिरवायची, जिथे टोक भेटतं तिथे गाठ मारायची, मग जमिनीवर सरळ धरून मोजायची. गाठ मारलेल्या सुतळ्यांवर तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून वर्गात खिळ्याला टांगा, कालवडीच्या एका खिळ्याला, गोऱ्ह्याच्या दुसऱ्या. दिवाळीपर्यंत चार-पाच होतील, मग मला फोटो पाठव.